जुन्या एक्सबॉक्समध्ये मॉडचिप आणि मोठी हार्ड डिस्क कशी बसवावी

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. झाकण काढून पाहिलं तर आत त्या काळचा पीसीच आहे: पेंटियम ३ घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप आणि ८ किंवा १० जीबीची आयडीई (जुन्या, रुंद केबलच्या जोडणीची) हार्ड डिस्क. त्यामुळे त्यात हात घालणं बाकी कन्सोलांच्या मानाने सोपं. अडचण आहे ती वयाची. आज मिळणाऱ्या प्रत्येक बोर्डाने वीस वर्षं ओलांडलेली आहेत. मॉडचिप, म्हणजे कन्सोलला मूळऐवजी दुसरा बायॉस (चालू होताच प्रथम चालणारा प्रोग्राम) देणारी छोटी चिप, बसवल्यावर जो बिघाड समोर येतो तो पुष्कळदा आधीपासूनच आत दबा धरून बसलेला असतो, आणि खापर मात्र चिपवर फुटतं. म्हणून खालचा क्रम बदलू नका: आधी जुना बोर्ड स्वच्छ आणि चालू स्थितीत आणायचा, मग चिप, मग डिस्क. प्रत्येक टप्प्यानंतर कन्सोल चालू करून बघायचा. तीन कामं एका बैठकीत उरकली आणि पडदा काळा राहिला, तर नेमकं कुठे शोधायचं हेच कळत नाही.

आधी आवृत्ती ओळखा

या कन्सोलचे बोर्ड १.० ते १.६ अशा आवृत्त्यांत निघाले. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. तळाच्या लेबलवरचा अनुक्रमांक पाहिला तर शेवटचे पाच आकडे कामाचे असतात: पहिला वर्षाचा, पुढचे दोन आठवड्याचे, शेवटचे दोन कारखान्याचे. ०२ म्हणजे मेक्सिको, ०३ हंगेरी, ०५ चीन, ०६ तैवान. शेवटी ‘२०८०३’ असेल तर यंत्र २००२ सालच्या आठव्या आठवड्यात हंगेरीत बनलं. हा फक्त अंदाज समजा. मधल्या काळात कुणी बोर्ड किंवा खोकं बदललं असेल तर लेबल खोटं सांगतं.

खात्री बोर्डावरूनच करायची. ग्राफिक्स चिपवर छोटा पंखा आणि कंट्रोलरच्या पोर्टांसाठी वेगळी छोटी पट्टी दिसली तर १.०. पंखा नाही, पण पॉवर सप्लायची जोडणी एका ओळीतल्या १२ पिनांची असेल तर १.१. पीसीच्या एटीएक्ससारखी २० पिनांची जोडणी असेल तर १.२ ते १.५. यातही १.२ आणि १.३ वर व्हिडिओची चिप कोनेक्झंटची, १.४ आणि १.५ वर फोकसची. १.६ वर व्हिडिओची चिप ‘एक्सकॅलिबर’ नावाची आहे आणि पॉवर सप्लायची जोडणीही बाकी सगळ्यांहून निराळी.

एवढी चौकशी १.६ वेगळा काढण्यासाठी. त्यावर मूळ बायॉस पुन्हा लिहिता येत नाही, आणि मॉडचिप ज्या एलपीसी पोर्टावर बसते त्याच्या काही रेषा पोर्टापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या बारीक तारांनी पुन्हा जोडाव्या लागतात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर पहिल्या प्रयत्नाला १.६ घेऊ नका.

सामान

स्क्रूड्रायव्हर दोन: टॉर्क्स टी-२० आणि टॉर्क्स टी-१०. साध्या सपाट टोकाने जोर लावाल तर स्क्रूची डोकी गोल होतील. टी-१० ची दांडी लांब हवी, कारण ड्राइव्हच्या ट्रेचे स्क्रू खोलात आहेत.

सोल्डरिंग आयर्न तापमान ठरवता येणारं, निदान ६० वॅटचं, छिन्नीसारख्या टोकाचं. सुईसारखं टोक दिसायला नेमकं वाटतं, पण ते जमिनीच्या (ग्राउंडच्या) पॅडला, म्हणजे सोल्डर लावायच्या तांब्याच्या ठिपक्याला, उष्णता देऊच शकत नाही. शिशाचं ६३/३७ सोल्डर, ०.६ ते ०.८ मिमी जाडीचं. जेल फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं), अडीच मिमी रुंद तांब्याची सोल्डर विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी पट्टी), हाताने ओढायचा सोल्डर पंप. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. बीप आणि डायोड, दोन्ही मोड असलेला मल्टिमीटर. ३० गेजची वायर-रॅप तार वीतभर. थर्मल पेस्टची एक नळी, वीजवाहक नसलेली.

चिपसाठी ओपनझेनियम हा चांगला पर्याय. तिचं डिझाइन खुलं आहे, आत झायलिंक्सचा एक्ससी९५७२एक्सएल हा सीपीएलडी (हवं तसं काम ठरवून देता येणारी चिप) आणि २ एमबी फ्लॅश मेमरी असते, आणि बायॉस लिहिताना चूक झाली तरी चिपचा स्वतःचा मेनू शाबूत राहतो. सोबत २×८ पिनांचा हेडर घ्या. डिस्कसाठी साटा (नव्या जोडणीची) ड्राइव्ह, साटा-ते-आयडीई अडॅप्टर, ८० तारांची आयडीई केबल आणि मोलेक्स-ते-साटा पॉवरची तार लागेल. ही पॉवरची तार क्रिंप केलेल्या प्लगची घ्या. एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेल्या स्वस्त प्लगांमध्ये तारा आतल्या आत सरकून शॉर्ट होतात आणि प्लग जळतात.

उघडताना

वीज बंद करून प्लग काढा, मग दहा मिनिटं थांबा. या कन्सोलचा पॉवर सप्लाय पीसीसारखा पत्र्याच्या डब्यात बंद नसतो. झाकण उचललं की तो उघड्या बोर्डाच्या रूपात डाव्या बाजूला समोरच असतो. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. पुढच्या चाचण्या झाकण उघडं ठेवूनच करायच्या आहेत. चालू स्थितीत त्या बाजूला हात, स्क्रूड्रायव्हर किंवा मोकळी तार जाता कामा नये. त्या भागावर जाड पुठ्ठा उभा करून ठेवला तर चुकून हात जायची भीती कमी होते.

यंत्र उलटं करा. टी-२० चे सहा स्क्रू आहेत. चार रबरी पायांखाली, दोन लेबलांखाली. लेबल फाडायची गरज नाही. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करून कडेने उचला, नाहीतर बोटाने चाचपून खळगा शोधा आणि तेवढ्याच जागी छेद द्या. मग यंत्र सुलटं करून झाकण सरळ वर उचला.

उजवीकडे हार्ड डिस्क, डावीकडे डीव्हीडी ड्राइव्ह. ट्रे टी-१० च्या तीन स्क्रूंवर बसलेले असतात. तिसरा स्क्रू मधल्या आयडीई केबलखाली लपतो, आणि तो न काढता ट्रे ओढल्यानेच बहुतेकांच्या हातून प्लास्टिक मोडतं. केबल काढताना तारेला धरून ओढू नका, दोन्ही टोकांना आळीपाळीने हलवत प्लग सोडवा. डीव्हीडी ड्राइव्हची पिवळ्या प्लगची वेगळी तार असते, ती आधी मोकळी करा.

आता लगेच चिपकडे वळू नका. डिस्क आणि ड्राइव्हच्या केबल पुन्हा जोडून एकदा कन्सोल चालू करा आणि मूळ पडदा येतो ना ते पाहा. जे आधीच बंद आहे ते चिप बसवून चालू होणार नाही.

घड्याळाचा कपॅसिटर: हे काम टाळू नका

१.० ते १.५ आवृत्त्यांवर, बोर्डाच्या पुढच्या कडेजवळ, १ फॅरड २.५ व्होल्ट असं लिहिलेला एक जाडसर कपॅसिटर आहे. प्लग काढल्यावर काही तास घड्याळ चालू ठेवणं, एवढंच त्याचं काम. तो फुटतो. नीट सांगायचं तर पाझरतो. आतला द्रव खाली उतरून बोर्डाच्या बारीक रेषा खातो. वरून कपॅसिटर ठणठणीत दिसला म्हणून सोडून देऊ नका. द्रव बहुधा त्याच्या बुडाखालीच साचतो आणि कपॅसिटर काढेपर्यंत दिसत नाही. १.६ वर वेगळ्या बनावटीचा कपॅसिटर आहे, तो तसाच राहू द्या.

काढायची रीत अशी. बोर्ड पूर्ण बाहेर काढा. मागच्या बाजूने दोन्ही पायांना फ्लक्स आणि थोडं नवं सोल्डर द्या. आयर्न ३६० अंश सेल्सियसवर ठेवून एक पाय तापवा, पुढून कपॅसिटर किंचित त्या बाजूला कलवा, मग दुसरा पाय. असं दोन-तीन वेळा केलं की तो सहज निघतो. पुढेमागे वाकवून तोडायची युक्ती बरेच जण सांगतात. पाझरलेल्या बोर्डावर पॅड आधीच सैल झालेलं असतं आणि कपॅसिटरसोबत तेही उपटून येतं, म्हणून ती युक्ती नको.

खाली तपकिरी किंवा हिरवट थर दिसला तर आधी पांढऱ्या व्हिनेगरच्या एक-दोन थेंबांनी ओला करा, दोन मिनिटं थांबा, ब्रशने घासा, मग अल्कोहोलने दोनदा धुऊन पूर्ण वाळू द्या. भिंगाखाली रेषा तपासा. हिरवा लेप फुगलेला किंवा खालचं तांबं काळं पडलेलं दिसलं तर तो लेप हलकेच खरवडा, तांबं उघडं करा, त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या. रेषा तुटलीच असेल तर दोन टोकांना वायर-रॅप तार जोडा आणि बीपने खात्री करा.

या गंजाची लक्षणं चक्रावून टाकणारी असतात. कन्सोल प्लग लावताच आपोआप चालू होतो, पॉवरचं बटण दाबून काहीच होत नाही पण इजेक्टने चालू होतो, किंवा बंदच होत नाही. समोरच्या बटणांच्या रेषा गंजल्या की असंच होतं. ही लक्षणं चिप बसवण्यापूर्वीच दिसत असतील तर आधी ती मिटवा.

नवा कपॅसिटर बसवायचा का? गरज नाही. प्लग लावलेला असेपर्यंत घड्याळ स्टँडबाय विजेवर चालतं. प्लग काढून ठेवला की वेळ पुन्हा भरावी लागते, एवढंच.

आता पुन्हा जोडून चालू करा. मूळ पडदा दिसला की पुढे.

चिप नेमकं काय करते

या कन्सोलच्या साउथब्रिजमध्ये (डिस्क, पोर्ट वगैरे सांभाळणाऱ्या चिपमध्ये) ५१२ बाइटचा एक गुप्त रॉम आहे. वीज आल्यावर प्रोसेसर प्रथम तो वाचतो, आणि तो रॉम मग मुख्य बायॉस उलगडतो. २००२ साली एमआयटीत असलेल्या अँड्र्यू हुआंग यांनी नॉर्थब्रिज (प्रोसेसर आणि रॅम जोडणारी चिप) आणि साउथब्रिज यांच्यामधल्या हायपरट्रान्सपोर्ट या रेषांच्या वाटेवर पाळत ठेवून हा रॉम बाहेर काढला आणि मग सगळा रस्ता मोकळा झाला. मॉडचिपला मात्र तेवढं काही करावं लागत नाही. बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीतून बायॉस मिळाला नाही तर साउथब्रिज तो एलपीसी पोर्टावर शोधतो. कारखान्यातल्या दुरुस्तीसाठी ठेवलेली ही मागची वाट आहे. चिप त्या पोर्टावर बायॉस घेऊन बसते, आणि मूळ फ्लॅशची डी-० ही डेटा रेषा जमिनीला जोडली की मूळ बायॉस वाचताच येत नाही. पुढचं सगळं निदान या एका यंत्रणेवर उभं आहे.

चिपशिवायचा मार्गही आहे: १.० ते १.५ वर दोन जोड-बिंदू सोल्डरने जोडून मूळ फ्लॅशच नव्याने लिहिता येते. ती १.० आणि १.१ वर १ एमबीची, पुढे २५६ केबीची आहे. खर्च शून्य. पण लिहिताना वीज गेली तर बोर्ड बंद पडतो आणि त्याला परत आणायला शेवटी चिपच लागते. आमचं मत चिपच्या बाजूने.

एलपीसी पोर्टावर हेडर

पोर्ट म्हणजे दोन ओळींत आठ-आठ जागा, त्यातली चौथी कोरी. म्हणून प्रत्यक्षात छिद्रं पंधराच आहेत. ही कोरी जागा दिशा ओळखण्याची सर्वात पक्की खूण. हेडरची तीच पिन पक्कडीने ओढून काढा, म्हणजे चिप उलटी बसण्याचा प्रश्न उरत नाही. पहिली पिन घड्याळाच्या स्पंदनाची, दुसरी आणि बारावी जमिनीची, पाचवी रिसेटची. सातवी, आठवी, दहावी आणि अकरावी या चार डेटा रेषा (अनुक्रमे एलएडी-३, २, १, ०), नववी आणि पंधरावी ३.३ व्होल्टची.

छिद्रं कारखान्यातूनच सोल्डरने भरलेली येतात आणि ती मोकळी करणं हेच या कामातलं खरं कौशल्य. मूळ सोल्डर उशिरा वितळतं, म्हणून प्रत्येक छिद्रात आधी नवं शिशाचं सोल्डर मिसळा. विरोधाभास वाटेल, पण भर घातल्याशिवाय ते नीट निघत नाही. बोर्ड उभा धरा, एका बाजूने ३६० अंशावर टोक टेकवा, तीन सेकंदांनी दुसऱ्या बाजूने पंप मारा. सिग्नलची छिद्रं एक-दोनदात मोकळी होतात. जमिनीच्या दोन छिद्रांना मात्र दाद मिळत नाही, कारण ती बोर्डातल्या तांब्याच्या अख्ख्या पत्र्याला जोडलेली आहेत आणि सगळी उष्णता तिकडे पळते. तिथे आयर्न ४०० अंशावर न्या, रुंद टोक लावा, जमलं तर हेअर ड्रायरने बोर्डाचा तो भाग आधी कोमट करा. एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नका. मध्ये अर्धा मिनिट थंड होऊ द्या. पॅड उचकटतं ते तापमानाइतकंच दाबामुळेही, तेव्हा टोक नुसतं टेकवा, रेटू नका.

इतकं करूनही जमिनीचं छिद्र मोकळं झालं नाही तर हट्ट सोडा. हेडरची ती पिन आखूड कापा आणि जवळच्या कुठल्याही जमिनीच्या मोठ्या पॅडवरून चिपपर्यंत तार आणा. काम तितकंच चांगलं होतं.

हेडर बसवताना आधी कोपऱ्यातल्या एकाच पिनेला डाख द्या, सरळ उभा आहे का पाहा, मग तिरपा समोरचा कोपरा, मग बाकीच्या पिना. प्रत्येक जोड चकचकीत आणि शंकूसारखा दिसला पाहिजे. गोळीसारखा फुगीर जोड म्हणजे सोल्डर पिनेला चिकटलंय, पॅडला नाही.

फ्लक्स धुऊन काढा आणि मीटर घ्या. बीप मोडवर शेजारच्या पिनांमध्ये आवाज येता कामा नये. अपवाद फक्त दोन जमिनींचा आपसात आणि दोन ३.३ व्होल्टचा आपसात. ३.३ व्होल्ट आणि जमीन यांच्यात बीप वाजली तर वीज लावायचीच नाही. मग डायोड मोडवर लाल टोक जमिनीला, काळं टोक एकेका डेटा रेषेला लावा. चारही रेषांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एकच रेषा ‘ओएल’ (मापापलीकडे) दाखवत असेल तर तिचा जोड कच्चा आहे, शून्याजवळ दाखवत असेल तर ती कुठेतरी जमिनीला चिकटली आहे. दोन मिनिटांची ही तपासणी पुढचे दोन तास वाचवते.

चिप न लावता, फक्त हेडर घेऊन, कन्सोल पुन्हा चालू करा. डी-० अजून जोडलेली नसल्याने मूळ पडदाच यायला हवा.

डी-० आणि पहिला बूट

१.० ते १.५ वर डी-० चा बिंदू आवृत्तीनुसार बदलतो आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंना मिळतो. आपल्या आवृत्तीचाच फोटो समोर ठेवा. बिंदू एवढासा असतो की शेजारच्या व्हायावर (बोर्डाच्या आरपार जोडणाऱ्या बारीक छिद्रावर) सोल्डर सांडणं सहज घडतं. तारेचं टोक एक मिमी सोला, त्यावर आधी सोल्डर चढवा, बिंदूवर फ्लक्सचा ठिपका ठेवा आणि ३३० अंशाच्या टोकाने सेकंदभर स्पर्श करा. दुसरं टोक चिपच्या डी-० पॅडवर. तार मध्ये चिकटपट्टीने बोर्डाला बांधून टाका, नाहीतर बोर्ड खोक्यात बसवताना ओढली जाऊन बिंदूच उपटतो.

चिप बसवा, पंखा, समोरची पट्टी, व्हिडिओची केबल, डिस्क आणि ड्राइव्ह जोडा, मग चालू करा. चिपचा मेनू आला तर उत्तम. नाही आला तर कन्सोल कसा वागतो त्यावरून दोष बराचसा सापडतो.

कन्सोल मूळ पडद्यानेच चालू होतो: डी-० जमिनीला पोहोचलेली नाही. तार, तिचे दोन्ही जोड, आणि योग्य बिंदू निवडला का, हे तपासा.

तीनदा चालू-बंद होऊन लाल-हिरवा दिवा आलटून पालटून लुकलुकतो: डी-० काम करते आहे, पण चिपमधून बायॉस वाचला जात नाही. एखादी डेटा रेषा, घड्याळाची किंवा रिसेटची पिन कच्ची आहे, नाहीतर चिपची फ्लॅश कोरी आहे. डी-० ची तार काढून मूळ पडदा परत आला तर बोर्ड ठीक आहे आणि शोध एलपीसीपुरता उरतो. तार काढूनही दिवा तसाच लुकलुकत राहिला तर डी-० च्या बिंदूजवळ सोल्डर सांडलंय का ते भिंगाखाली पाहा.

कधी मेनू येतो, कधी नाही: थंड जोड, म्हणजे सोल्डर नीट न धरलेला, बहुतेक वेळा जमिनीच्या पिनेचा. हेडर बोटाने किंचित दाबून फरक पडला की समजा सापडलं.

डिस्कला हात लावण्याआधी ईईप्रॉम

बोर्डावर २५६ बाइटचा एक ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती जपणारी छोटी मेमरी) आहे. त्यात अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता, प्रदेश आणि हार्ड डिस्कची किल्ली असते. मूळ डिस्क पासवर्डने बंद केलेली असते आणि तो पासवर्ड ही किल्ली आणि त्या डिस्कचं मॉडेल व अनुक्रमांक मिळून बनतो. म्हणून एका कन्सोलची डिस्क दुसऱ्यात टाकली की त्रुटी ६ येते: कुलूप उघडता येत नाही. आणि चिप काढून मूळ बायॉसवर परत गेलात, डिस्क मात्र कुलूप नसलेली ठेवली, तर त्रुटी ५.

चिपच्या मेनूतून ईईप्रॉमची प्रत काढा, ती संगणकावर घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. मग मूळ डिस्कचं कुलूप काढून तिच्यातल्या ‘सी’ आणि ‘ई’ विभागांची प्रतही काढा. ही डिस्क पुसू नका, लेबल लावून ठेवून द्या.

नवी डिस्क

साटा अडॅप्टरचा जंपर ‘मास्टर’वर. ‘केबल सिलेक्ट’वर सोडला तर केबलवरच्या जागेप्रमाणे भूमिका बदलते आणि डीव्हीडी ड्राइव्हशी भांडण सुरू होतं. काही अडॅप्टर मास्टरवर अडतात आणि केबल सिलेक्टवर चालतात, तेव्हा डिस्क दिसलीच नाही तर तोही करून बघा. ८० तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डाला. मूळ केबल ४० तारांची आहे आणि मूळ वेगाला पुरते. बायॉसमध्ये डिस्कचा वेग वाढवणार असाल तर ८० तारांचीच हवी. ४० तारांवर वेग वाढवला की कन्सोल चालतो, पण फायली हळूहळू बिघडत जातात, आणि हा दोष महिनाभर लक्षातही येत नाही.

एसएसडी घातली तर आवाज आणि उष्णता कमी होते, पण आयडीईच्या मर्यादेमुळे वेगात चमत्कार घडत नाही. सगळ्या साटा ड्राइव्ह आणि अडॅप्टर कुलपाचे आदेश नीट पाळत नाहीत. चिपवरचा बायॉस कुलपाशिवाय डिस्क चालवत असल्याने इथे ते अडत नाही.

विभागणी अशी असते: ‘सी’ ५०० एमबी, ‘ई’ सुमारे ४.८ जीबी, आणि ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ हे ७५० एमबीचे तीन तात्पुरते विभाग. त्यापुढची सगळी जागा ‘एफ’ आणि ‘जी’ला. या विभागांची फॅटएक्स ही पद्धत क्लस्टरच्या (जागा वाटायच्या सर्वात छोट्या तुकड्याच्या) आकाराबाबत फार काटेकोर आहे: १६ केबीचा क्लस्टर २५६ जीबीपर्यंतच्या विभागाला, ३२ केबीचा ५१२ जीबीपर्यंत, ६४ केबीचा १ टीबीपर्यंत. २ टीबीची डिस्क असेल तर ‘एफ’ आणि ‘जी’ दोन्ही ६४ केबीवर, आणि प्रत्येकी १ टीबीच्या किंचित आतच ठेवा. चुकीच्या आकाराने फॉरमॅट केलेला विभाग सुरुवातीला बिनतक्रार चालतो. मर्यादा ओलांडली की नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात. म्हणून चिपच्या मेनूने आपोआप केलेल्या विभागणीवर विसंबू नका. एक्सबीपार्टिशनर हा विभागणीचा प्रोग्राम चालवून आकडे डोळ्यांनी पाहा, आणि डिस्क भरण्यापूर्वीच पाहा.

फायली नेटवर्कच्या केबलने एफटीपीवरून पाठवायच्या. पोर्ट १०० मेगाबिटचा असल्याने सेकंदाला दहा एमबीच्या आसपासच वेग मिळतो. मोठा संग्रह रात्रभर चालू ठेवावा लागतो. हस्तांतर ‘बायनरी’ मोडवर ठेवा. फाइलचं नाव ४२ अक्षरांहून मोठं असेल तर ते कापलं जातं किंवा फाइल नाकारली जाते, आणि एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही. गेमच्या प्रती स्वतःच्या मूळ डिस्कांवरूनच काढा. मॉडचिप आणि बदललेले बायॉस यांबाबतचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, तेवढे पाहून घ्या. गेमपलीकडेही हे यंत्र कामाचं आहे: आजचा कोडी हा मीडिया प्लेयर याच कन्सोलवर ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ म्हणून जन्मला.

डिस्क बदलल्यावर येणारे आकडे लक्षात ठेवा: त्रुटी ७ म्हणजे डिस्क वेळेत उत्तर देत नाही (जंपर किंवा अडॅप्टर), ८ म्हणजे डिस्क दिसतच नाही (केबल किंवा वीज), १० ते १२ डीव्हीडी ड्राइव्हच्या, १३ म्हणजे ‘सी’वर डॅशबोर्ड (कन्सोलचा मूळ मेनू) सापडत नाही.

बंद करण्यापूर्वी

बोर्ड बाहेर आहेच, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपवरची वाळलेली पेस्ट बदलून टाका. हीटसिंक उचलण्याआधी हलकेच पिळा. सरळ ओढाल तर चिपवर ताण येतो. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. प्रोसेसरजवळचे उभे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर डब्यावर छापलेली क्षमता आणि व्होल्टेज पाहून त्याच मापाचे, कमी रोधाचे नवे लावा. मागचा ७० मिमीचा पंखा करकरत असेल तर तोही.

साटा अडॅप्टर डिस्कच्या मागे बाहेर येतो, त्यामुळे केबल आधीपेक्षा ताठ वळते. ती पंख्याच्या पात्यांना लागत नाही ना आणि पॉवर सप्लायच्या उघड्या बोर्डावर टेकत नाही ना, हे झाकण ठेवण्यापूर्वी पाहा. झाकण ठेवून, स्क्रू न लावता, एखादा तास सलग काहीतरी चालवा आणि मेनूत तापमान बघा. मगच तळाचे सहा स्क्रू आवळा. बोटांनी घट्ट लागले की थांबा, कारण ते थेट प्लास्टिकमध्ये जातात आणि आटे एकदा गेले की परत धरत नाहीत.